शपथेचा पुठ्ठा

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसता हूं-हूं करतो अशी तुझी तक्रार असते, म्हणून हे लिहूनच कळवतो. मला शाळेतून निलंबित केलंय. घाबरू नकोस, चोरीमारी केलेली नाही. आई ठीक आहे. गुडघे तिचे नेहमीचेच.

झालं ते असं. आमची शाळा सरकारी, आणि रोज सकाळी पटांगणात प्रार्थना होते हे तुला माहीत आहेच. अकरा वर्षं ती मीच सांगतोय, कारण माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. महिन्यापूर्वी शिक्षण कार्यालयाचं परिपत्रक आलं. प्रार्थना सर्वांना सक्तीची, आणि ती सांगणाऱ्या शिक्षकाने, जी मुलं ओठ हलवत नाहीत त्यांच्या नावांची यादी दर शनिवारी द्यायची. पहिल्या शनिवारी मी कोऱ्या कागदावर सही करून दिली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो कागद परत पाठवला. शेवटच्या रांगेत सातवीतली एक मुलगी तोंड मिटून उभी असते हे त्यांनी पाहिलं होतं, तसं मीही पाहिलं होतं. दुसऱ्या शनिवारी मी यादीत एकच नाव लिहिलं, माझं. आणि यादी खोटी ठरू नये म्हणून सोमवारपासून मीही तोंड मिटून उभा राहायला लागलो. चौथ्या दिवशी आदेश हातात पडला.

आता कोर्टात जातोय. वकीलबाई शांत आहेत, कमी बोलतात, मला बऱ्या वाटल्या. मुद्दा एकच आहे, सरकारी शाळेत देवाचं नाव घ्यायची सक्ती सरकारला करता येते का. जिंकलो तर वर्गावर परत, हरलो तर नोकरी कायमची गेली. शिक्षण कार्यालय तुमच्या गावात, त्यामुळे दावाही तुमच्याच कोर्टात चालणार. तुला अवघडल्यासारखं होईल, त्याची आधीच माफी मागतो. आत यायचं कुठल्या दाराने, एवढं कळव.

आई माझ्याशी बोलत नाही. काल मात्र भिंतीकडे तोंड करून म्हणाली, की जन्मभर याचा आवाज घरात मावला नाही आणि आता गप्प बसून नोकरी घालवतोय.

लोभ आहेच, रागाच्या भरात कमी करू नये.

तुझा,
भोपळ्या


दि. १५ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी खाली बसले, मग उठून पाणी प्यायले, मग तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ते हसले. मी नाही हसले. तिसरीत गणितात भोपळा घेऊन आलास तेव्हाही असाच ताठ मानेने दारातून आत आला होतास. आता गणित शिकवतोस म्हणून ते नाव पुसलं जाईल असं समजू नकोस.

अरे, देव मानणारा तू. पहाटे उठून डोळे मिटून बसल्याशिवाय तुला चहा गोड लागत नाही. मी पंधरा वर्षांची असल्यापासून त्याच्या वाटेला गेले नाही. मग देवाचं नाव घ्यायला तुझं घोडं कुठे अडलं? माझ्याकडे बघ. एकोणीस वर्षं कोर्टात प्रत्येक साक्षीदाराला शपथ मी देते. देवाला साक्षी ठेवून खरं सांगेन, असं मी म्हणायचं आणि त्याने मागून म्हणायचं. दिवसातून दहा-बारा वेळा. माझ्याइतकं देवाचं नाव कोणी भक्तसुद्धा घेत नसेल. ओठ हलतात, काम होतं, अंगाला भोकं पडत नाहीत. दोन ओळींची माफी लिही आणि मोकळा हो. पन्नाशी आली, आता या वयात तुला दारात कोण उभं करणार?

तू ऐकणार नाहीस. लिहिलं एवढ्यासाठी की नंतर मी लिहिलं नव्हतं असं व्हायला नको.

तुझा दावा आमच्याच साहेबांपुढे लागलाय. मी त्यांना त्याच दिवशी सांगून टाकलं की वादी माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. साहेब येऊन दोनच वर्षं झालीत, माणूस सरळ आहे. म्हणाले, की तुझ्या तारखांना मी खाली रेकॉर्ड रूममध्ये बसायचं आणि माझ्या जागी शेजारच्या कोर्टातला कारकून येईल. दाव्याबद्दल मी तुला यापुढे चकार शब्द विचारणार नाही, तूही सांगू नकोस. त्या दिवसांत आमच्याकडे उतरूही नकोस. जेवायला बोलावत नाही म्हणून आईकडे माझी चहाडी करू नकोस.

दार मागचं, सायकलींच्या बाजूचं. पुढच्या दाराला गर्दी असते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली तिसरी फळी हलते, तिच्यावर पाय देऊ नकोस. आणि डाव्या हाताला खिळ्यावर शपथेचा पुठ्ठा टांगलेला असेल. तो माझ्या हातचा आहे, मीच टपोऱ्या अक्षरात लिहिलाय. घाबरलास तर त्याच्याकडे बघ.

आशीर्वाद आहेत. अक्कल मात्र पोस्टाने पाठवता येत नाही.

तुझी,
ताई


दि. ३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाव्याचं काही लिहीत नाही. घरचं लिहितो. रोज सकाळी शाळेच्या वेळेला जाग येते आणि करायला काही नसतं. या तीन महिन्यांत मी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. जे गळत नव्हते तेसुद्धा. आता त्यातले दोन गळतात.

तुझ्या ओठ हलवण्याचा मी बराच विचार केला. ज्याला त्या शब्दांचं काही नाही, त्याला ते म्हणून टाकणं सोपं जातं. मला नाही जात, ताई. मी पहाटे डोळे मिटतो तेव्हा मला कोणी सांगितलेलं नसतं. त्याच शब्दांनी मी शनिवारी मुलांना पकडायचं, हे मला जमेना. ती मुलगी का गप्प राहते हे मी तिला विचारलेलं नाही. ती देव मानत नसेल, दुसरा मानत असेल, नाहीतर तिला नुसती झोप येत असेल. विचारलं असतं तर ती यादीच झाली असती, फक्त तोंडी.

मोठ्या बाई परवा घरी येऊन गेल्या. बाई वाईट नाहीत. चहा पुढ्यात ठेवला तो गार होऊन गेला. त्या म्हणाल्या, की वरून रोज विचारणा होते, मी चार शब्द लिहून दिले तर त्या स्वतः कार्यालयात जाऊन सगळं मिटवतील. त्या गेल्यावर मी खरंच कागद घेऊन बसलो होतो. खोटं कशाला सांगू, दीड ओळ लिहिलीही होती. मला वर्ग हवाय, ताई. खडूचा वास नाकात नसला की मला माणसात असल्यासारखं वाटत नाही.

तेवढ्यात आईने विचारलं की ती यादी पुढे वाचणार कोण होतं. मला माहीत नाही म्हणालो. तर ती म्हणाली, की वाचणाऱ्याचं तोंड पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या पोरीचं नाव कोणी लिहून देतं का. आणि पुन्हा बोलायची बंद झाली. कागद फाडला.

लोभ असावा. नळांचं कोणाला सांगू नये.

तुझा,
भोपळ्या


दि. २१ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाव्याबद्दल लिहायचं नाही असं ठरलं होतं. आज ते मोडतोय, कारण जे झालं ते तुझ्याच खोलीत झालं आणि तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटतं.

काल माझी साक्ष होती. मागच्या दाराने आलो, तिसरी फळी चुकवली. डावीकडे पुठ्ठा होता. तुझा ख अजून तसाच आहे, पोट सुटलेला. धीर आला. मग तुझ्या जागी आलेल्या कारकुनाने पुठ्ठा पुढे धरला आणि मला वाचायला सांगितलं. त्यावर एकच शपथ होती, देवाची. वकीलबाईंनी मला आधी समजावलं होतं की कायद्यात दोन आहेत, एक देवाची आणि दुसरी देवाचं नाव न घेता नुसती सत्यप्रतिज्ञा. ज्याला जी हवी ती. म्हणून मी दुसरी मागितली. कारकुनाने पुठ्ठा उलटा केला. मागची बाजू कोरी.

सरकारी वकील ताडकन उठले. म्हणाले, की वादीनेच अर्जात लिहिलंय की तो रोज पहाटे प्रार्थना करतो, मग इथे देवाचं नाव घ्यायला लाज वाटते का, तिथे खरा आहे की इथे. मी म्हणालो, की मला कोणी विचारलं असतं तर मी हीच शपथ घेतली असती. कोणी विचारलंच नाही. खोलीत जरा खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. त्यांनी दुसरी प्रतिज्ञा आणायला सांगितली. ती कोणाकडेच नव्हती. शेवटी ग्रंथालयातून कायद्याचं पुस्तक आणवलं. वीस मिनिटं गेली. मी तेवढा वेळ पिंजऱ्यात उभा होतो.

साहेबांनी विचारलं की हा पुठ्ठा असा कधीपासून आहे. कारकून म्हणाला की तो नोकरीला लागण्याआधीपासून. कोणी लिहिला हे कोणाला माहीत नव्हतं. मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट. सरकारी वकिलांनी तो पुठ्ठा लगेच उचलून धरला. ते म्हणतात, की खुद्द या कोर्टात इतकी वर्षं प्रत्येक माणूस देवाचं नाव घेऊन बोलतो, एकाचीही तक्रार नाही, याचा अर्थ ही सक्ती नसून लोकांना मान्य असलेली रीत आहे. जे न्यायाला चालतं ते शाळेला का चालू नये? बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या की आतापर्यंत आपलं बरं चाललं होतं, पण याला उत्तर द्यायला आपल्याकडे काही नाही. पुढची तारीख दहा सप्टेंबर, त्या दिवशी शेवटचा युक्तिवाद.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. खरंच नाही. सहा वर्षं राहिलीत तुझ्या नोकरीची.

लोभ असो, काही झालं तरी.

तुझा,
भोपळ्या


दि. २७ ऑगस्ट

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

मागत नाही म्हणतोस आणि तारीख मात्र ठळक लिहितोस. तुला काय मी आज ओळखते?

पुठ्ठ्याची गोष्ट सांगते, ऐक. जुन्या पुठ्ठ्यावर दोन्ही होत्या, वर देवाची, खाली प्रतिज्ञा. मी लागले त्या वर्षी छत गळून त्याचा पार भुगा झाला. नवा लिहायला मला एक पुठ्ठा मिळाला, तोही रेघांच्या वहीचं कव्हर. म्हाताऱ्या साक्षीदारांना दिसावं म्हणून अक्षर टपोरं काढलं, तर दोन्ही मावेनात. मागच्या बाजूला लिहायला हवं होतं. पण खिळ्यावर टांगलेल्या पुठ्ठ्याची मागची बाजू बघणार कोण, असं मनात आलं, आणि दुसरी मी गाळली. पुढे ती कोणी मागितली नाही. पुठ्ठ्यावर नव्हती ती मागणार कशी? मीही कधी विचारलं नाही. रांग मोठी असते, साहेब घाई करतात, तोंडाला एक वळण पडून जातं. देव न मानणाऱ्या बाईने हे करावं! मला स्वतःला साक्ष द्यायची वेळ आली असती तर मी दुसरीच घेतली असती, आणि ती मीच उडवून बसले होते. तुझं पत्र वाचून मला माझीच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

मग साहेबांची परवानगी घेतली आणि सलग चार दिवस जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये बसले. प्रत्येक जबानीच्या माथ्यावर ती शपथेवर झाली की प्रतिज्ञेवर ते लिहिलेलं असतं. माझ्या पुठ्ठ्याच्या आधीच्या एका वर्षात प्रतिज्ञा घेणारे तेवीस निघाले. एक शिंपी, दोन परिचारिका, एक निवृत्त पोस्टमन, असे साधेच लोक. माझ्या पुठ्ठ्यानंतरच्या एकोणीस वर्षांत एकही नाही. म्हणजे लोकांना मान्य होतं वगैरे काही नाही. आधी लोकांना विचारायचे, मग मी विचारायची बंद झाले.

हे सगळं आज सकाळी सही करून साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, की हे दोन्ही वकिलांना दाखवावं लागेल आणि माझ्यावर चौकशी बसेल, ते त्यांच्या हातात नाही. मी म्हटलं बसू दे. भाऊजी तुझे म्हणाले की आता भावाबहिणींनी मिळून एक नळांचं दुकान टाकावं. हो, मी सांगितलं त्यांना.

एक गोष्ट कान उघडून ऐक. हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. चूक माझी होती, ती मी निस्तरली. उगाच गळा काढू नकोस.

आशीर्वाद नेहमीचेच, थोडे जास्त धर.

तुझी,
ताई


दि. १२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निकाल तुला माझ्याआधी कळला असणार, तरी रीत म्हणून कळवतो. सक्ती रद्द, यादी रद्द, मी कामावर परत. साहेबांनी निकालपत्रात एक अख्खा परिच्छेद पुठ्ठ्यावर लिहिलाय. तेवीस आणि शून्य हे दोन्ही आकडे आहेत. त्यांनी म्हटलंय, की ज्याला विचारलंच नाही त्याच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येत नाही, मग ते पटांगण असो की हे न्यायालय. वकीलबाईंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. मी हूं म्हणालो.

प्रार्थना बंद झालेली नाही. ज्यांना नको त्यांनी तेवढा वेळ वर्गात बसायचं, असं ठरलं. पण मुलं एकटी बसवता येत नाहीत, सोबत शिक्षक हवा. मोठ्या बाईंनी विचारलं की कोण बसेल, तर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मग मीच हात वर केला. गंमत बघ ताई, अख्ख्या शाळेत ज्याला पटांगणात उभं राहायची सगळ्यात जास्त इच्छा आहे, तो रोज सकाळी आत बसतो. बाहेर नवे सर सांगतात. दुसऱ्या ओळीला त्यांचा सूर हमखास घसरतो आणि मी बाकाची कड घट्ट धरून ठेवतो.

वर्गात आम्ही दोघंच असतो. मी आणि ती मुलगी. ती अपूर्णांकांची गणितं सोडवते, चुका भरपूर करते. ती प्रार्थना का म्हणत नाही ते मी अजून विचारलेलं नाही. काल तिने मला विचारलं, की सर तुम्हाला बाहेर जायचंय का. मी म्हटलं पाचवं गणित पुन्हा कर.

आई बोलायला लागली. थांबतच नाही.

तुझ्या चौकशीचं काय झालं ते तू लिहीत नाहीस. मला त्याची टोचणी आहे. तू काहीही म्हण, तुझं जे होईल ते माझ्यामुळे होईल.

लोभ आहे तेवढा पुरे, आता फक्त खुशाली हवी.

तुझा,
भोपळ्या


दि. १९ जानेवारी

चि. भोपळ्यास,
अ. उ. आ.

मंगळवारी चौकशी झाली. दुसरे साहेब आले होते, पण खोली आमचीच. एकोणीस वर्षं मी त्या पिंजऱ्यासमोर उभी राहिले, आत कधी गेले नव्हते. तिसऱ्या फळीवर मीच पाय दिला.

तुझ्या वेळचाच तो कारकून होता. हातात नवा पुठ्ठा, छापील, दोन्ही बाजूंना मजकूर. त्याने विचारलं की कोणती घेणार. आधी मला कळलंच नाही की तो माझ्याशी बोलतोय. मी दुसरी म्हणाले. नेहमीसारखी घडाघडा म्हणून टाकेन असं वाटलं होतं, पण पहिल्याच वाक्याला अडखळले आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. दिवसातून दहा-बारा वेळा लोकांकडून म्हणवून घेत होते रे मी, आणि खरं सांगेन म्हणजे नक्की काय हे मला या वयात, त्या पिंजऱ्यात कळलं.

प्रश्न फार नव्हते. पुठ्ठा कोणी लिहिला, कधी, का. सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं की एकोणीस वर्षं गप्प राहून याच दाव्यात मी पुढे का आले, चूक कळली म्हणून की वादी माझा भाऊ म्हणून. उत्तर माझ्याकडे तयार होतं. तुला लिहिलं होतं तेच. तोंड उघडलं, आणि ते बाहेर येईना. मी म्हणाले, भावासाठी. त्याची नोकरी जात होती म्हणून. तो नसता तर निवृत्त होईपर्यंत मी तो पुठ्ठा उलटून बघितला नसता. लिहून घेणाऱ्याने दोनदा विचारलं की असंच लिहू का. मी म्हटलं, असंच.

त्यामुळे सुटका झाली नाही. नोकरी राहिली, पण शपथ देण्याचं काम कायमचं काढून घेतलं. उरलेली पाच वर्षं रेकॉर्ड रूममध्ये. तुझ्या निकालाला काही धक्का नाही, निवांत राहा. मी कशासाठीही केलं असलं तरी ते तेवीस जण रजिस्टरात आहेत, ज्याला हवं त्याने येऊन मोजावेत. खाली धूळ आहे, पण घाई नाही. परवा त्या शिंप्याची जबानी पुन्हा काढून अख्खी वाचली. कुंपणाचं भांडण होतं. छान बोलला होता.

मागच्या पत्रातलं ते वाक्य, तुझ्यासाठी केलं नाही असं ठणकावून लिहिलं होतं बघ, ते खोडून टाक. आईला यातलं काही सांगू नकोस. तिने विचारलं तर सांग.

लोभ होताच. आता तो प्रतिज्ञेवर नोंदलाही गेलाय.

तुझी,
ताई